तळघराच्या दारावर

सकाळपासून रेडिओवरचा माणूस घसा खरवडून सांगत होता. दक्षिणेकडून दमट वारं, पश्चिमेकडून कोरडं, आणि संध्याकाळी दोघांची गाठ बरोब्बर ओक्लाहोमाच्या मध्यावर. नकाशात आपला सगळा भाग लाल. मुठीएवढ्या गारा पडतील, टोर्नेडो होतील, तळघरं झाडून ठेवा. मे महिन्यात असले अंदाज रोजचेच, पण लाल रंग काही रोज नसतो. ओपलने रेडिओ बारीक केला आणि मक्याचा पाव भट्टीत सरकवला.

तेवढ्यात तुल्साहून लेकीचा, जॅनेलचा फोन आला.

"आई, ऐकलंस ना अंदाज?"

"बहिरी नाही झाले अजून."

"मग आज खाली गेलीस की अडसर लावायचा. आणि दारावर काहीही वाजलं तरी उघडायचं नाही. शपथ घे."

"बरं, बरं."

"बरं नाही, शपथ घे! बाबा गेले, आई. बाहेर कुणी नसतं. गेल्या वर्षी दार उघडलंस आणि गारेने खांदा मोडून घेतलास. यंदा काय, डोकं फोडून घेणारेस?"

ओपलने शपथ घेतली. काय करणार बिचारी! पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं.

या मुलखातल्या पुरुषांना एक खोड आहे. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की बायकापोरं अंगणातल्या तळघराकडे पळतात, आणि हे बाप्ये व्हरांड्यात उभे राहून आभाळ बघत बसतात, जत्रेला आल्यासारखे. ओपलचा नवरा डेल्बर्ट त्यातलाच. एका वसंतात असाच "तू हो पुढे, दार लावून घे," म्हणाला. तिने लावलं. मग वर गर्जना सुरू झाली आणि दारावर थापा पडल्या. ओपलला वाटलं, फांदी आपटतेय. वादळ सरल्यावर डेल्बर्ट कुंपणापाशी सापडला. तळघराच्या आसपास झाडच नाही, हे तिला त्याला पुरल्यावर आठवलं.

तेव्हापासून दर वसंतात भोंगा झाला की थापा पडायच्या. दर वेळी ती उघडायची, आणि बाहेर नुसतं वारं.

दुपार कलली तसं आभाळ शेवाळलेल्या डबक्यासारखं हिरवं झालं. भोंगा वाजला. ओपल अंगण ओलांडून जमिनीत खणलेल्या तळघरात उतरली, डोक्यावरचं आडवं दार ओढून अडसर घातला, कंदील लावला आणि बाकावर बसली. गारा दारावर तडातडा फुटू लागल्या. आणि मग थापा पडल्या.

"शपथ घेतलीय रे मी," ती कळवळून म्हणाली.

थापा थांबेनात. तिने कान झाकले, पण त्याने काय होतंय? शेवटी ती ताडकन उठली. "खड्ड्यात गेली शपथ!"

तिने दार उघडताच एक ओलाचिंब माणूस पायऱ्यांवरून गडगडत खाली आला. तो वेंडेल होता. शेताच्या पलीकडे चाकांवरचं पत्र्याचं घर आणून याच हिवाळ्यात राहायला आलेला तरणा गडी. दोघांनी लोंबकळून दार ओढून घेतलं आणि अडसर घातला.

"गाढवा, व्हरांड्यात उभा राहून आभाळ बघत होतास का?"

"मला कुठला व्हरांडा, काकू! घरच निघालं प्रवासाला." तो हसायला गेला आणि डोकं धरून बाकावर बसला. त्याचं कपाळ फुटलं होतं. ओपलने पदराने, म्हणजे तिच्या एप्रनने, ते पुसायला घेतलं.

दारावर पुन्हा थाप पडली. उघड्या तळहाताची.

वेंडेल दचकून उठला. "अरे देवा! काकू, उघडा! ते बाहेरच राहिले."

"कोण?"

"म्हातारे गृहस्थ होते कुणीतरी. मला अंगणात स्वतःचा हात दिसत नव्हता. त्यांनीच दंडाला धरून इथवर आणलं. म्हणाले, वाजवत राहा, ती उघडेल."

इतकी वर्षं लेकीने वेडं ठरवलं, डॉक्टरने गोळ्या दिल्या, आणि आज एका जिवंत माणसाने त्याला पाहिलं होतं. त्याचा हात धरला होता. तिला आनंदाने ओरडावंसं वाटलं. ती अडसराकडे झेपावली.

तोच गर्जना अगदी डोक्यावर आली. दाराच्या फळ्या वर उचलल्या जाऊ लागल्या, कंदील विझला. आता उघडलं तर हे पोरगं जाईल, हे तिला लख्ख कळलं. वेंडेल मात्र अंधारात चाचपडत अडसरच शोधत होता.

"हात लावायचा नाही!" ती वरच्या पायरीवर चढून बसली आणि दाराला पाठ लावली.

"काकू, माणूस मरेल बाहेर!"

"तो मेलाय, बाळा. तू खाली बस."

थापा तिच्या पाठीवर पडल्यासारख्या लागत होत्या. तिने दुखरा खांदा फळीला दाबला.

"डेल्बर्ट, ऐकतेय मी," ती रडत म्हणाली. "तेव्हा मला कळलं नव्हतं रे. आज कळतंय, तरी उघडत नाही."

थाप थांबली. गर्जना अजून बराच वेळ चालू होती.