बन्सीच्या नऊ ओंब्या

नवऱ्याचं, बलभीमचं, तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी कस्तुराबाई कामावर गेली. सासू, प्रेमाबाई, एवढंच म्हणाली, "लोक नावं ठेवतील." कस्तुराबाईनं डबा पिशवीत टाकला आणि निघाली.

नळदुर्गच्या अलीकडच्या गहू संशोधनाच्या शेतावर ती अठरा वर्षं रोजानं जात होती. तिथं जुन्या बन्सी गव्हाचा खपलीशी संकर करायचं चाललं होतं. बन्सी शेवयांना फार चांगला, पण तांबेरा पडला की आठवड्यात पानं तांबडी होतात. खपलीला तांबेरा सहसा लागत नाही. तो गुण बन्सीत आणायचा होता.

"तुम्ही आज आला नसता तरी चाललं असतं, मावशी," शिवप्रिया मॅडम म्हणाल्या. शेतावरच्या शास्त्रज्ञ त्याच.

"ओंब्या थांबत्यात व्हय मॅडम?"

ती बन्सीच्या वाफ्यात बसली. चिमट्यानं एकेक फूल उघडायचं, बन्सीचे स्वतःचे पराग राहू नयेत म्हणून आतले तीन हिरवे परागकोश काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवून चिठ्ठी बांधायची. आज दुपारपर्यंत नऊ ओंब्या झाल्या. हात चालत होते. ते आपले आहेत असं तिला वाटत नव्हतं.

संध्याकाळी शिवप्रियांनी चिठ्ठ्या तपासल्या. आज बावीस जानेवारी. नऊही चिठ्ठ्यांवर नऊ जानेवारी लिहिलेलं होतं. त्या दिवशी बलभीम गोठ्यात कोसळला होता, तो परत उठलाच नाही.

"मावशी, तारीख..."

कस्तुराबाईनं चिठ्ठीकडं बराच वेळ पाहिलं. रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

"चुकलं. दुसऱ्या लिवते," ती म्हणाली आणि वाफ्यात बसून तिनं नऊही चिठ्ठ्या बदलल्या. तिसऱ्या दिवशी खपलीचे पराग आणून तिनंच त्या ओंब्यांवर झटकले.

मार्चमध्ये एकूण चाळीस दाणे निघाले. नोव्हेंबरात ते पेरले. रोपं वाढल्यावर, त्यांना रोग लागतो का ते बघायला, शेजारच्या साध्या बन्सीच्या ओळींवर मुद्दाम तांबेरा सोडला.

फेब्रुवारीत शिवप्रियांनी तिला हाक मारली. "हात लावून बघा."

कस्तुराबाईनं साध्या बन्सीचं पान चिमटीतून ओढलं. बोटांना तांबडी भुकटी लागली. मग पदराला बोटं पुसून नव्या रोपाचं पान ओढलं. बोटं कोरडी राहिली. सगळी ओळ तशीच हिरवी होती.

"नवं वाण तयार व्हायला अजून बरीच वर्षं लागतील," शिवप्रिया म्हणाल्या. "पण तुमच्या हातचं आहे हे."

आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिला कळत होतं. "बरं झालं की," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीत खुरपायला गेली.

घरी आल्यावर तिनं सासूला सांगितलं, "आमच्या गव्हाला तांबेरा लागला न्हाय."

प्रेमाबाई म्हणाली, "बलभीमला आवडलं असतं ऐकाया."

"व्हय," कस्तुराबाई म्हणाली. तिनं परातीत पीठ घेतलं. पाणी जरा जास्त पडलं, म्हणून अजून मूठभर पीठ घातलं आणि मळू लागली.