हलकी रायफल

तिवस्याच्या लीलाबाईचा नितेश फौजेत निशाणेबाज झाला खरा, पण वारा ओळखायला त्याला मायनंच शिकवलं होतं. खळ्यात तूर उपणताना ती म्हणायची, "आभायात काय पाह्यतं रे? टोपल्यातलं भुस्कट जिकडं उडते, तिकडंच वारा!" सपाट काळ्या रानात बाईचं खरंच होतं. बांधाच्या या टोकाला जो वारा, तोच त्या टोकाला.

काश्मीरच्या चौकीवर मात्र डोंगर आणि खोल नाले. पहाटे आपली सहा जणांची तुकडी तसल्याच एका नाल्यातून वर चढणार होती. पुढं बडनेऱ्याचा धम्मदीप. पलीकडच्या कड्यावर दगडांच्या आड घुसखोरांची मशीनगन बसलेली. तिच्यावरचा माणूस आधी लोळवायचा, नाहीतर तुकडीचं भरीत.

सुभेदारानं दोन रायफली पुढ्यात ठेवल्या. एक थ्री थर्टी-एट. धूड जड, पण तिची गोळी वाऱ्याला फारशी जुमानत नाही. दुसरी सेव्हन सिक्स्टी-टू. हलकी, भराभर झडणारी, पण लांबवर वारा तिच्या गोळीला ढकलून नेतो.

"जड घे," गुलफाम म्हणाला. हा अकोल्याचा, दुर्बिणीवर बसून नितेशला निशाणा सांगणारा. "आठशे मीटर हाय मधात. हवेचा भरोसा नाई."

"थे धूड तू उचलशीन का? चढ पाह्यला का? आन हवा मले नको शिकवू. मायच्या टोपल्यातल्या भुस्कटावरून शिकून आलो मी."

"हो ना बे, मोठा हवामान खातं!"

नितेशनं हलकीच उचलली.

उजाडलं. तुकडी नाल्यात शिरली. अलीकडच्या कड्यावर गुलफामशेजारी पडून नितेशनं सुकं गवत चुरून मुठीतून सोडलं. ते डावीकडं उडालं. तेवढी सूट धरून, नेम जरा उजवीकडं सरकवून त्यानं घोडा दाबला.

गोळी पार उजवीकडं दगडावर फुटली. नाल्याच्या मधोमध वारा उलटा वाहत होता, मुठीला त्याचा पत्ताच नव्हता.

मशीनगन सुटली. धम्मदीपचा जबडाच उडाला; तो गुडघ्यांवर बसला आणि तसाच आडवा झाला. बाकीचे दगडांना चिकटले. मग ती नळी वर, या दोघांकडं वळली. गुलफामचा उजवा हात कोपरापासून फाटला, हाडाच्या चिपा नितेशच्या गालात रुतल्या.

नितेशनं पुन्हा गवताकडं हात नेला.

"फेक थे गवत, हरामखोरा!" गुलफामनं डाव्या हातानं दुर्बीण डोळ्याला दाबली. "गोळ्यायनं उडालेली धूळ पाह्य, नाल्यातली! उजवीकडं चालली. डावीकडं धर. आणखी... मार!"

गोळी त्या माणसाच्या खांद्यात घुसली. तो उठला, तर पुढची नरड्यात. त्याच्या जागी दुसरा वाकला. नितेशनं त्याचं तोंड फोडलं. भराभर झडायचं काम हलकीनं चोख केलं. उरलेले पाच जण वर चढले.

नितेशनं पट्ट्यानं गुलफामचा दंड करकचून आवळला आणि त्याला पाठीवर घेतलं. खाली धम्मदीपच्या तोंडावर कोणी तरी कोट टाकला होता.

"नितेश," पाठीवरून आवाज आला, "मी किती किलो भरतो बे?"

नितेशनं त्याला पाठीवर आणखी वर सरकवलं.

"त्या धुडापेक्षा जड हावो ना? आता बरा उचलून राह्यला!"

"बोल," नितेश म्हणाला. "शिव्या दे. अकोल्यापर्यंत दे, पण डोळे नको मिटू."

गुलफामनं मग शिवी हासडली, थेट लीलाबाईच्या टोपल्याला. नितेशनं ती निमूट ऐकली आणि भरभर उतरू लागला.