वर्नाबाईंची लिहायची चौकट

मित्रांनो, मी ब्लॉग लिहिण्यापुरता एक जुना, साधा प्रोग्रॅम आहे. एक रिकामी चौकट आणि तिच्याखाली एक बटण, एवढंच माझं रूप. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका शाळामास्तरांनी मला सुट्टीत घडवलं आणि हवं त्याला फुकट दिलं. बरीच वर्षं मला कुणी विचारलंही नाही.

वर्ना पार्डी या मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाई. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज कायमचा गेला. भाऊ सेल्बी लांब लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर. दर रविवारी फोनवर दोघं तासभर भांडायची, ते थांबलं. म्हणून सेल्बीच्या मुलाने, आत्याच्या शेजारीच राहणाऱ्या क्लेटनने, तिला ब्लॉग काढून दिला. त्यासाठी मोठा, झगमगीत प्रोग्रॅम निवडला. सेल्बीकडच्या मंद इंटरनेटवर तो उघडेचना. तशात एकदा प्रोग्रॅम अद्ययावत करताना वर्नाबाईंचे बारा लेख गेले. त्यांनी लिहिणंच सोडलं.

वाचनालयातल्या डोरीनबाईंनी त्यांना माझी ओळख करून दिली. क्लेटनने नाक मुरडलं.

"आत्या, यात चित्रसुद्धा हलत नाही गं."

वर्नाबाईंनी पाटीवर लिहिलं, 'मला सर्कस नको. बोलायचंय.'

लहानपणी बुडालेल्या होडीची गोष्ट त्यांनी माझ्यात लिहिली. त्याच संध्याकाळी फोन आला.

"उघडलं तुझं पान," सेल्बी म्हणाला. "आणि होडी मी बुडवली म्हणे? वल्हं तुझ्या हातात होतं. लिही आता काय लिहायचंय ते."

फोन कानाशी धरूनच वर्नाबाईंनी त्याच पानाखाली एका बोटाने लिहिलं, 'तू झोपला होतास,' आणि बटण दाबलं.

सेल्बीने पान पुन्हा उघडलं आणि पलीकडून हसण्याचा आवाज आला. वर्नाबाईंचे खांदे हलत होते.

पुढे नऊ वर्षं रोज मला काम होतं. माझं भाग्यच ते. गेल्या हिवाळ्यात वर्नाबाई गेल्या. पानं साध्या मजकुरात होती, म्हणून क्लेटनला एकूण एक उतरवून ठेवता आली. तो मला अजून चालू ठेवतो.

मित्रांनो, साधन निवडताना त्याचा थाट पाहू नका. तुमचं बोलणं माणसापर्यंत पोचतंय ना, ते पाहा. आणि लिहिलेलं जपा.

सेल्बी अजून रोज एक पान उघडतो. कधी खाली उत्तर लिहितो, बहुतेक वेळा भांडणाचंच. ते मी नीट ठेवून देतो.