शंभरावर एक

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. जालन्यात कंप्युटर म्हणजे काय, हे कोणाच्या बापाला माहीत न्हवतं. आमच्या बियाण्याच्या कंपनीनं तो आणला आन चालवायला मला ठेवलं. मी तातेराव, अंतरवाली सराटीच्या बौद्धवाड्यातला. हैदराबादेत दोन वर्षं शिकून आल्तो. मालक साहेबराव म्हणले, "मशीन बराबर चालू कर, महिन्यात तुला कायम करतो." कायम झालो की कंपनीची खोली मिळणार होती. माझी बायको बेबीनंदा गावाकडं त्याच खोलीच्या नावानं दिवस मोजून राह्यली होती.

मशीनच्या पूजेच्या दिवशी मी प्रोग्रामची टेप चढवली, मशीनचे सोळाही खटके खाली केले. प्रोग्राम मेमरीत कितव्या घरापासून बसवायचा, ते त्या खटक्यांवर ठरतं. सगळे खाली म्हणजे शून्यापासून. तेवढ्यात मॅनेजर भुजंगराव म्हणले, "तू जरा बाहेर थांब. पूजा आहे." मुकाट बाहेर गेलो. काय करता?

आतून साहेबरावांचा आवाज आला, "शुभकामात शून्य कशाला? आहेरात शंभरावर एक ठेवतो ना आपण?" लोक हसले. नारळ फुटला. टेप सरसर आत गेली, आन मशीन जे गप झालं ते गपच.

दुसऱ्या दिवशी भुजंगराव सगळ्यांसमोर म्हणले, "टेपला हात कोणाचा लागला होता?" सगळे माझ्याकडं बघून राह्यले. हैदराबादेहून ती टेप मी मांडीवर घेऊन आल्तो!

खटक्यांवर झेंडूचा जाड हार घातलेला. पाच दिवस उतरवायचा न्हाई, अशी ताकीद. मंग मशीनच्या दिव्यांवरून बिघाड शोधत बसलो. टेपमध्ये खोट न्हाई. मेमरीत खोट न्हाई. एकेक हुकूम बटण दाबून पुढं ढकलला, तर सगळं सुरळीत. पण मशीनच्या घड्याळाचा ठोका पडला की ते शून्याच्या घरात बघायचं, पुढं काय करू म्हणून. ती सवय त्याच्या तारांतच बांधलेली, खटक्यांनी बदलत न्हाई. आन ते घर रिकामं! रिकाम्या घराचा अर्थ मशीनच्या लेखी एकच, थांब. तिथं पाहिजे तो हुकूम एक घर पुढं बसलेला. अख्खा प्रोग्रामच एक घर सरकला होता.

हार जरासा उचलला. शेवटचा खटका वर, म्हणजे शून्याऐवजी एक, आन त्याला हळदकुंकू. च्यायला! शंभरावर एक!

भुजंगरावांना सांगितलं, तर ते कानाशी येऊन म्हणले, "मालकाची चूक काढतो? तो शगुन आहे. खटका खाली केला तर याद राख."

मंग मी शून्याच्या घरात एकच हुकूम टाकला, 'काही करू नको, पुढं चल.' टेप चढवली की तो आपोआप तिथं बसावा, अशी सोयही टेपमध्ये करून टाकली. मशीन धडाधड चाललं. साहेबरावांनी पेढे वाटले. "शगुनाला टाइम लागतो, पण फळतो!" भुजंगरावांनी मान डोलावली. मी पेढा खाल्ला. गोड लागला न्हाई.

महिना झाला. साहेबरावांकडं गेलो. "मालक, ते कायम करायचं..."

"कशाला रे?" ते म्हणले, अगदी साधेपणानं. "मशीन तर आपोआप चालतंय. बटण दाबायला भुजंगरावांचा भाचा संपत आहे की. जाताना त्याला टेप चढवायला शिकव."

शिकवली. चुकीचं शिकवायची हरामखोरी जमली न्हाई, इतकंच.

एसटीतून वडीगोद्रीला उतरून पायी घरी गेलो. बेबीनंदानं भांडी पोत्यात भरून ठेवलेली. मला अवेळी बघून तिचं तोंड उतरलं.

"का हो, मशीन पुन्हा बंद पडलं का?"

"न्हाई गं," म्हणलं. "बराबर चालून राह्यलंय. म्हणून तर आलो."