एर्निसचं मूत्रपिंड आणि मी

मित्रांनो, कोक-बुलाक गावच्या दवाखान्यात मागच्या खोलीत, कोळशाच्या पोत्यांशेजारी जे उभं आहे, ते मी. जुनं सोनोग्राफी यंत्र.

शहरातल्या इस्पितळाने वापरून झाल्यावर मला या डोंगरात धाडलं. इथे माझं फार कौतुक झालं. डॉक्टर दामिराबाई माझा पडदा स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. पडद्यावर बाळ हललं की बाया लाजून हसायच्या.

एका वसंतात गरोदर बुरुलाय आली. सोबत सासू तुरसुनकान होती. पोटातल्या बाळाची दोन्ही मूत्रपिंडं मला जराशी फुगलेली दिसली. बाईंनी समजावलं, की आत लघवी साठून असं होतं आणि बहुतेक बाळांचं आपोआप बरं होतं.

"पण जन्मल्यावर परत दाखवायचं, बुरुलाय. बाळ धडधाकट दिसलं तरी दाखवायचं."

बुरुलाय आली, कुशीत एर्निसला घेऊन. पण तोवर माझा पडदा काळा पडला होता. बाईंनी वर अनेकदा कळवलं, तरी दुरुस्तीला कुणी फिरकलं नव्हतं. त्यांनी तिला घाटापलीकडच्या नारीन शहरात जायला सांगितलं.

"कशाला?" सासू म्हणाली. "पोरगं दूध पितंय, पाळण्याखालचं लघवीचं भांडं भरतंय. घाटात बर्फ आहे. वाटेतच गारठवशील त्याला."

बुरुलाय माझ्याकडे बघत राहिली. मला काहीच दाखवता आलं नाही. ती बाळाला घेऊन घरी परतली.

त्या हिवाळ्यात एर्निसला सारखा ताप यायचा. दात येत असतील म्हणून आजी त्याला मेंढीची चरबी चोळायची. रस्ता मोकळा झाल्यावर त्याला शहरात नेलं. तो ताप साठलेल्या लघवीतल्या जंतूंचा होता; डावं मूत्रपिंड निकामी झालं होतं, उजवंही झिजत होतं.

आता तो चालतो, पण अंगण ओलांडेपर्यंत दमून खाली बसतो. परवा तुरसुनकान एकटीच आली. हळूच म्हणाली, "बाई, माझं काढून त्याला लावा."

"अपा, तुमच्या वयात तुमचं नाही चालणार," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र बंद पडलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत पिच्छा सोडू नका. डॉक्टर 'परत दाखवा' म्हणाले, तर बाळ हसतखेळत असलं तरी दाखवा. एर्निसला आता याचा उपयोग नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे.