कवळीवाल्याची सुनावणी

“पहिलं वाक्य माझ्याबद्दलच बोला,” बायकोने त्याच्या शर्टाची कॉलर चाचपून सरळ केली. “नाहीतर नमस्कार-चमत्कारातच तुमची वेळ संपायची.”

“सांगतो गं. पाठ केलंय.”

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणायचे. पुढच्या खोलीत तो म्हाताऱ्यांच्या कवळ्या बनवायचा, मागच्या दोन खोल्यांत नवराबायकोचा संसार. बायकोची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण या घरात ते कुणाला खरं वाटत नसे. मोरीचा उंबरठा, खिडकीची ढिली कडी, ओट्याचा फुटका कोपरा, सगळं तिच्या हातापायांना तोंडपाठ होतं. वाफाळता चहा ती थेंबही न सांडता गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. ठेच लागायची ती कवळीवाल्याला, आणि हसायची ती.

आता या गल्लीत नव्या पुलाचा उतार येणार होता. नोटीस आली तेव्हा मेहुण्याने सगळं समजावून सांगितलं होतं. तो एका वकिलाकडे टायपिंग करायचा, त्यामुळे घरापुरता कायदा तोच.

“दाजी, आधी हरकती, मग सुनावणी. मग मोजणी, मोबदला आणि शेवटी ताबा. नाही म्हणायची जागा फक्त सुनावणी. तिथून पुढे ‘किती देता’ विचारता येतं, ‘का घेता’ नाही.”

हरकतीचा अर्ज मेहुण्यानेच टाइप केला होता. अर्जात ‘गैरसोय होईल’ एवढंच होतं. बाकीचं कवळीवाल्याने तोंडाने सांगायचं ठरलं होतं.

भूसंपादन अधिकारी तरुण होता आणि, वाईट म्हणजे, फार चांगला होता. त्याने कवळीवाल्याला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. शेजारी कारकून कॉम्प्युटरवर जबाब टाइप करत होता.

“बोला काका. काय अडचण आहे?”

“साहेब, माझी बायको...” कवळीवाल्याने सुरुवात केली आणि साहेबांचा फोन वाजला.

फोन वरिष्ठांचा होता. साहेब उठून खिडकीशी गेले. ‘हो सर, हो सर’ बराच वेळ चाललं. कवळीवाला मनातल्या मनात पुढची वाक्यं घोळवत राहिला. अखेर साहेब परत आले ते हात जोडूनच.

“माफ करा हं काका, तुम्हाला ताटकळत ठेवलं.”

“काही हरकत नाही, साहेब,” कवळीवाला म्हणाला. गिऱ्हाईक उशिरा आलं, कवळी पडून फुटली, पैसे पुढच्या खेपेला म्हणालं, तरी त्याच्या तोंडून हेच निघायचं.

कारकुनाने टाइप केलं.

“काय घेतलंत जबाबात?” साहेबांनी खुर्चीत टेकत विचारलं.

“हरकत नाही म्हणतायत, साहेब.”

“वा! सगळेच असे समजूतदार असते तर काय हवं होतं!” साहेब टेबलावरून वाकले आणि त्यांनी कवळीवाल्याचा हात हातात घेतला. “तुमच्यासारख्यांमुळे कामं होतात, काका.”

“नाही, म्हणजे मी... ते आपलं...”

पण साहेब हसत होते, कारकुनाने कागद पुढे सरकवला होता, दारात पुढचा माणूस उभा होता. एवढ्या भल्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? कवळीवाल्याने सही केली.

“सांगितलंत?” दार उघडताच बायकोने विचारलं.

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“बघू म्हणाले.”

ती खुशीत चहा टाकायला गेली. त्याला स्वतःची शरम वाटली.

निकाल आला तो मेहुण्याने तिच्यासमोरच मोठ्याने वाचला. ‘सुनावणीच्या वेळी संबंधिताने हरकत नसल्याचे सांगितले.’ मेहुणा वाचता वाचता थांबला. मग म्हणाला, “ताई, तसा पूल कुणाच्या सांगण्याने हलला नसता.” तिने नवऱ्याला एका शब्दानेही विचारलं नाही. तिने भांडायला हवं होतं, असं त्याला फार वाटलं.

मोबदला मिळाला. त्यात कुणी खोट काढावी असं नव्हतं. नवी खोली तिसऱ्या मजल्यावर होती, हवेशीर, भिंती गुळगुळीत. कवळ्यांसाठी त्याने बाजारात एक गाळा घेतला. सकाळी बायकोला पलंगावर बसवून, पाण्याचा तांब्या तिच्या हाताला लावून दाखवून तो कामाला गेला.

संध्याकाळी त्याने कुलूप काढलं. ती तिथेच बसली होती, त्याच बाजूला तोंड करून. चादरीला तिच्या अवतीभवती एक सुरकुतीही पडली नव्हती.

“अगं, दिवसभर उठलीच नाहीस?”

“उठून जायचं कुठे?” ती म्हणाली. मग जरा संकोचाने तिने हात पुढे केला. “मोरीपर्यंत नेता का मला?”