रानाला दिलेलं आमंत्रण

माझी बायको याव्दोखा गेली ते मला कर्ण्याने सांगितलं. ऑगस्ट होता. मी वरच्या कुरणात मेंढ्यांचं दूध काढत होतो आणि शेजारचा ओनुफ्री माझ्यासमोर बसून चीज खात होता. खालून त्या लांब लाकडी कर्ण्याचा आवाज आला. आमच्याकडे कोणी मेलं की त्याच्या अंगणात उभं राहून कर्णा वाजवतात.

"म्हातारा शेमेली सुटला बहुतेक," ओनुफ्री म्हणाला. "तीन वर्षं निरोपच घेतोय लेकाचा."

"त्याचं घर नदीपलीकडे. हा आवाज अलीकडचा आहे."

अलीकडे दोनच घरं आहेत. एकात ओनुफ्री एकटा राहतो, आणि तो तर चीज खात होता. त्याने घास खाली ठेवला. मी उठलो.

ती सकाळी विहिरीवर गेली, काठावर बसली ती पुन्हा उठलीच नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिची बहीण हाफिया म्हणाली, आमच्याकडे जेवायला ये. मी गेलो नाही. त्या संध्याकाळी घरात बारा पदार्थ लागतात. मी बारा केले. त्यांतले सात बटाट्याचे होते.

पहिली चांदणी दिसली की घरधनी ताट घेऊन बाहेर जातो आणि रानाला जेवायला बोलावतो. मग रानाला बजावायचं असतं, की आज आलात तर आलात, नाहीतर वर्षभर तोंड दाखवू नका. असं केलं की जनावरं वर्षभर गोठ्याकडे फिरकत नाहीत. आमच्या घरात बोलावणं माझं होतं आणि बजावणं याव्दोखाचं. ती उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून असं ओरडायची की ओनुफ्रीचा कुत्रासुद्धा घरात जायचा.

मी हाक मारली, "लांडग्या, ये जेवायला! कोल्ह्या, ये! मामा, तुम्हीही या!" अस्वलाला आम्ही मामा म्हणतो. नाव घेत नाही. मग त्याच दमात माझ्या तोंडून गेलं, "याव्दोखा, ये."

खरं तर गेलेल्या माणसांना नंतर बोलवायचं असतं, वेगळं, ताटावर बसल्यावर. मी सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. आता बजावायचं कसं? ती आलेली नव्हती. वर्षभर येऊ नका म्हटलं असतं तर ते तिलाही लागलं असतं. मी ताट घेऊन गुपचूप आत आलो आणि बटाटे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हा आला. पायरीवर बसला आणि मी दार उघडायची वाट बघत राहिला. मी त्याला बटाटा दिला. त्याने हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. फेब्रुवारीत रानडुकरीण पिलांसकट येऊन गवताच्या गंजीत राहिली. एप्रिलमध्ये रानकोंबडा आला. टर्कीएवढा काळा पक्षी, डोकं फिरलेला. दोरीवर वाळत घातलेलं माझं मेंढीच्या कातड्याचं जाकीट त्याला आवडलं. तो रोज सकाळी शेपटी पसरून त्याच्यासमोर नाचायचा आणि मी जाकीट काढायला गेलो की माझ्या पोटऱ्या फोडायचा. दीड महिना मी कोटावर काढला.

ओनुफ्रीचा धंदाच शहरातल्या लोकांना रानातली जनावरं दाखवायचा. तो त्यांना पहाटे बर्फातून रांगत नेतो आणि शिंकूही देत नाही. आता तो त्यांना नाश्ता झाल्यावर माझ्या पडवीत आणून बसवायला लागला.

मे महिन्यात त्याने ल्विव्हहून आलेल्या सोलोमियाबाईंना आणलं. बाईंनी रानकोंबडा बघायला डोळ्यांना दुर्बीण लावली ती काढेचनात.

"काका, मला नुसतं काळं दिसतंय."

"बाई, दुर्बीण काढा," मी म्हणालो. "तो तुमच्या बुटावर उभा आहे."

दोन दिवसांनी मामा आले. भर सकाळी, फाटकातून. याव्दोखाच्या मधाच्या पेट्या अंगणात आहेत, त्या बघायला हाफिया रोज येते. ती केरसुणी घेऊन, ओनुफ्री आणि सोलोमियाबाई बसले होते त्या पडवीपर्यंत धावली आणि तिथेच थांबली. मामांनी पहिली पेटी मांडीवर घेतली आणि झाकण काढलं.

"मामा, लाज नाही वाटत? तनासी, हाकल ना त्याला!"

"पाहुणा आहे, आक्का. मी बोलावलंय."

"मे महिन्यात? नाताळचं आमंत्रण मे महिन्यात चालतं होय? बजावलं नव्हतंस का तू?"

"राहिलं ते."

"अरे देवा! म्हणजे अख्ख्या रानाला वर्षभराचं जेवण?"

"आक्का, ओरडू नका," ओनुफ्री कुजबुजला. "बाई फोटो काढतायत."

"तू गप रे! रांगत नेण्याचेही कष्ट नकोत मेल्याला. तनासी, आत्ताच्या आत्ता बजाव."

"ते याव्दोखाचं काम."

"मग तिच्या बहिणीने केलं तर काय बिघडलं?"

ती माझ्या उंबऱ्यात उभी राहिली. केरसुणी बाजूला ठेवली, कमरेवर हात ठेवले. दोघी बहिणींचा आवाज एकसारखा आहे हे मला माहीत होतं, पण इतका एकसारखा आहे हे माहीत नव्हतं.

"आज आलात तर आलात, नाहीतर—"

"दूध उतू जातंय!" मी ओरडलो.

हाफिया आत पळाली. पुन्हा बाहेर आली.

"चूल थंड आहे."

"हो."

"तनासी, आणखी कोणाला बोलावलं होतंस?"

मी सांगितलं. ती सोलोमियाबाईंच्या शेजारी बाकावर बसली. समोर मामा दुसरी पेटी उघडत होते. सोलोमियाबाईंनी फोटो काढणं थांबवलं.

"त्या दिवशी बटाट्याचे किती प्रकार होते म्हणालास?" हाफियाने विचारलं.

"सात."

"मग कशाला येईल ती?" असं म्हणून ती हसायला लागली आणि मग डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसायला लागली. ओनुफ्रीने टोपी काढली. लगेच पुन्हा घातली, कारण रानकोंबडा कोपऱ्यावरून येत होता.

उरलेल्या पेट्या आम्ही हातगाडीवरून नदीपलीकडे हाफियाच्या अंगणात नेल्या. मामा त्यानंतरही दोनदा आले, पेट्यांच्या रिकाम्या जागेवर बसले आणि परत गेले. हाफियाने मला बिटाचं सार, कोबीच्या पानातला भात आणि गव्हाची खीर करायला शिकवलं. खीर दोनदा करपली. तिसऱ्यांदा तिने चाखली आणि म्हणाली, "ही खायला ती यायला हरकत नाही." रानाला बजाव असं ती आता म्हणत नाही. ओनुफ्रीही म्हणत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.

सध्या नोव्हेंबर आहे. कोल्हा पायरीवर बसलेला आहे. नाताळला सहा आठवडे उरलेत आणि मागच्या वर्षीचं बजावणं अजून व्हायचं राहिलं आहे.